कामचलाऊ नाव

“ठिपका हलत नाहीये,” खोलीच्या पलीकडच्या टोकाहून लंबू म्हणाला, तेव्हा ती रजेवरून परतून जेमतेम खुर्चीत टेकली होती. पिशवी अजून मांडीवरच होती. “मगापासून बघतेय मी,” टेस्टिंगवाली ताई म्हणाली, “पुलावर येऊन बसलाय. मेला वाटतं.” “मेला नाही गं, अडकलाय. तुला सगळ्यांना मारायची फार घाई.” दोघं हसली. मग लंबूने काहीतरी केलं असावं, कारण ताई म्हणाली, “हां, चालला बघ.” खोलीत पुन्हा कळफलकांचा आवाज सुरू झाला. कुणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं, आणि ते बरंच झालं. तिच्या पोटावर बेंबीच्या खाली, कुणीतरी थंड चिकट मलम पिळावं तसं काहीतरी पसरत गेलं. तिने साडीच्या निऱ्यांवर तळहात ठेवला. कापड कोरडं होतं. पोट सपाट होतं. एवढ्या दिवसांत हात तिथे ठेवायची सवय गेली असं तिला वाटलं होतं.

तिने मशीन सुरू केलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. हे ऑफिस शहरातल्या बस कुठवर पोचल्या ते दाखवणारा प्रोग्राम बनवायचं. बसमधून खुणा येत राहतात, त्यात चुका असतात, बस नदीत किंवा कुणाच्या गच्चीवर असल्यासारखी दिसते. त्या खुणा पारखून नकाशावर बसचा ठिपका नेमका कुठे काढायचा हे ठरवणारा भाग तिने लिहिला होता. त्याच्या फोल्डरला तिने नाव दिलं होतं ‘ठिपका’. नकाशावर ठिपका काढायचा म्हणून ठिपका, असंच सगळ्यांना वाटलं असणार, आणि तसं वाटण्यात काही चूकही नव्हती. फक्त ते नाव आलं होतं दुसरीकडून. फोल्डरला नाव दिलं त्याच्या आदल्या दिवशी एका अंधाऱ्या खोलीत, कडक गादीच्या पलंगावर ती उताणी पडली होती आणि नवरा तिच्या उशाशी अवघडून उभा होता. डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. राखाडी भुरभुरीत एक काळी पोकळी, पोकळीच्या कडेला काहीतरी, आणि त्या काहीतरीच्या आत भराभर उघडझाप. “एवढंसं?” नवरा म्हणाला. “हा तर नुसता ठिपका आहे.” “सध्या ठिपकाच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण ठोके बघा की कसे पडताहेत.” परतताना जिन्यात नवऱ्याने तिचा दंड धरला, जणू ती काचेची होती, आणि विचारलं, “ठिपक्याला भूक लागली का?” “ठिपक्याला नाही, ठिपक्याच्या आईला लागलीये.” “नाव सावकाश ठेवू,” तो म्हणाला, “चांगलं शोधून. तोपर्यंत हे चालेल ना?” चालेल, असं ती म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नवा भाग सुरू करायला बसली, तेव्हा मशीनने आधी नाव मागितलं. नावाशिवाय फोल्डर तयारच होत नाही. चौकट उघडली आणि तिच्यात एक उभी रेघ उघडझाप करत थांबली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना शिकवलं होतं की रिकाम्या बाटलीवर आधी चिठ्ठी लावायची आणि मगच तिच्यात काही ओतायचं. नंतर लावू म्हटलं की घोटाळा झालाच. ती उघडझाप पाहताना बोटांनी ठरवलं. इतरांच्या हाती द्यायच्या आधी बदलू, असंही तिने तेव्हाच ठरवलं होतं.

ते बदलायचं राहिलं. पाचवा महिना संपत आला तेव्हा त्याच खोलीत, त्याच पलंगावर, डॉक्टरीणबाईंनी पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. तिला काही सांगायच्या आधी पडदा वळला, आणि त्या वळण्यातच सगळं कळलं. “थोडं थांबा हं, नीट बघते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बघत राहिल्या. त्यांच्या चष्म्याच्या काचेत पडदा उलटा दिसत होता. तिथे काहीच उघडझाप करत नव्हतं. नंतर वॉर्डात, सगळं उरकल्यावर, एका वयस्कर नर्सने तिच्या कपाळावरचे केस मागे सारत विचारलं होतं, “नाव ठेवलं होतं का गं बाळाचं?” आणि तिने व नवऱ्याने एकदमच मान हलवली होती: नाही. एकमेकांकडे न बघता, ठरवून केल्यासारखी. त्यानंतर तो शब्द घरात कुणी उच्चारला नाही. नवरा ‘तेव्हा’ म्हणायचा, ‘दवाखान्याच्या वेळी’ म्हणायचा. आई फोनवर म्हणाली, “तो काही बोलत नसेल तर तूही विषय काढू नकोस. पुरुषांचं आत आत असतं बाई.” तिने विषय काढला नाही. दोघं भाजी काय करायची, गॅस कधी संपेल, खालच्या जिन्यातला दिवा कुणी लावायचा, यावर बोलत. रात्री तो पाठ करून झोपायचा आणि त्याचा श्वास झोपलेल्या माणसाचा नसायचा.

आणि इथे, ऑफिसात, ती रजेवर असताना लंबूने तिचा फोल्डर होता तसा उचलून सर्व्हरवर चढवला होता. स्टॉपवरचे फलक सुरू करायचे होते, थांबायला सवड नव्हती. मग फलकवाल्यांनी त्याचा आधार घेतला, मोबाइलवाल्यांनी घेतला, तक्रारींचा हिशेब ठेवणाऱ्यांनी घेतला. प्रत्येकाच्या फायलीच्या सुरुवातीला, आधाराला घेतलेल्या भागांच्या यादीत, तिच्या ठिपक्याचं नाव. तिने शोधून पाहिलं तेव्हा पडदा वरून खालपर्यंत त्याच शब्दाने भरून वाहत राहिला. त्या आठवड्यात ती कान देऊन ऐकत राहिली. ठिपका जड झालाय, दोन तुकडे करायला हवेत. ठिपक्याला उशीर होतोय. रात्री ठिपका झोपतो की काय. एकदा कॉफीच्या यंत्रापाशी नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं, “ठिपका कुणाचा आहे?” आणि लंबूने तोंडात बिस्किट असताना हाताच्या कोपराने तिच्याकडे खूण केली. “हिचा.” इतक्या सहज. कुणीही, आईनेही, हे असं सरळ म्हटलं नव्हतं. तिला कॉफीचा कप खाली ठेवावा लागला. प्रत्येक वेळी कुणी तो शब्द उच्चारला की आधी ते थंड मलम पसरायचं, आणि मलम ओसरल्यावर त्याच्याखाली काहीतरी उबदार असायचं, ज्याची तिला लाज वाटायची. एवढी माणसं दिवसभर त्याला हाक मारत होती. संध्याकाळी पिशवी खांद्यावर घेताना तिला उद्याची ओढ असायची.

मग मास्तरांनी तिला बोलावलं. मास्तर म्हणजे त्या सगळ्यांचे वरिष्ठ. पूर्वी कुठेतरी शिकवायचे म्हणे, आणि बोलताना अजूनही हातात अदृश्य खडू धरायचे. तोंडावरसुद्धा सगळे त्यांना मास्तरच म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. त्यांच्या खोलीत पांढऱ्या फळ्यावर नावांचं झाड काढलेलं होतं. आधी कंपनीचा वेबपत्ता उलट्या क्रमाने, मग प्रकल्प, मग काम, सगळी अक्षरं लहान, नाम, क्रियापद नाही, एकवचन, लाडाची नावं नाहीत, तात्पुरती नाहीत, ‘जुना’, ‘नवा’, ‘इतर’ अजिबात नाहीत. “हे बघ,” मास्तर म्हणाले, “कुणाच्या तरी फोल्डरचं नाव ‘बघूया’ आहे. एकाचं ‘शेवटचा’ आहे आणि त्याच्या शेजारी ‘शेवटचा दोन’. नवीन माणूस आला तर त्याने काय पत्रिका काढायची? नाव वाचून आत काय आहे ते कळलं पाहिजे. उघडून बघायची वेळ आली तर नाव चुकलं.” ती म्हणाली, “हो, मास्तर.” “तुझं काम उत्तम आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण ठिपका? नकाशावर स्टॉपचेही ठिपके आहेत, डेपोचेही आहेत. वाहन, आणि त्याच्या आत स्थान. असं करूया.” “पुष्कळ जणांनी वापरलंय आता ते.” “म्हणूनच आत्ता. पुढे आणखी अवघड होईल.” मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण ते जरा सौम्य झाले. “खास कारण असेल तर अपवाद करता येतो. कारण दोन ओळींत फोल्डरच्या आत लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला कोडं पडत नाही. आहे का कारण?” तिने पाहिलं, फळ्यावरच्या झाडाला सगळ्या फांद्या होत्या, आणि एकीवर आधीच ‘स्थान’ लिहिलं होतं. “बघते,” ती म्हणाली. “एक-दोन दिवस द्या.”

त्या दोन ओळी ती मनात लिहीत राहिली. ऑफिसच्या जिन्यात, रस्ता ओलांडताना, कणीक मळताना. हे नाव असेच ठेवावे, कारण. इथपर्यंत यायचं आणि पुढे जे येईल ते फोल्डरच्या आत ठेवता येण्यासारखं नसायचं. लंबू वाचेल. ताई वाचेल, आणि ‘मेला वाटतं’ म्हटलेलं तिला आठवेल, आणि ती रडत टेबलापाशी येईल. त्यानंतर तो शब्द कुणी साधेपणाने उच्चारणार नाही. आवाज खाली जाईल, दारात उभं राहून चौकशी होईल. कारण सांगितलं की नाव राहणार, पण हाक जाणार. आणि नाही सांगितलं तर नावच जाणार. दोन्हीकडून ती पुन्हा पुन्हा मोजून पाहत होती, जसं बेरीज चुकली असेल म्हणून आकडे खालून वर मोजावेत. हे ठरवायला दुसरं माणूस हवं होतं आणि ते एकच होतं. त्याला विचारायचं, असं तिने ठरवलं. घरी नाही, घरात ते जमत नव्हतं. त्याच्या कामाच्या दवाखान्यात जाऊ, तो सुटायच्या वेळी.

नवरा डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करायचा. पडद्याआड एक यंत्र होतं, आतून पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं. माणसाने हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या खुणेवर नजर ठेवायची, आणि वाडग्यात कडेला कुठे उजेडाचं बारीक टिंब चमकलं की हातातलं बटण दाबायचं. यंत्र त्यावरून सांगतं की नजरेला कुठवर दिसतं आणि कुठे काळोख सुरू होतो. लग्नानंतर सुरुवातीला तो तिला हे रंगवून सांगायचा. यंत्र मध्येच खटका वाजवतं पण काहीच दाखवत नाही, आणि तरीही माणसं बटण दाबतात. “हुशारी दाखवायची असते गं. नसलेलंही दिसतं लोकांना. यंत्र मुकाट्याने चूक मांडून ठेवतं.” तो रोग्याची नक्कल करायचा, डोळा मिटून, अंगठा टपटप आपटत, आणि ती हसून हसून दमायची. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, दिवसातून किती वेळा म्हणायचा कोण जाणे: ठिपका दिसला की बटण दाबा. झोपेतसुद्धा एकदा म्हणाला होता. त्या अंधाऱ्या खोलीत पलंगाशी उभा असताना त्याला तो शब्द सुचला तो आपल्या रोजच्या कामातूनच सुचला असणार, हे आता दवाखान्यातल्या बाकावर त्याची वाट पाहत बसल्यावर तिच्या लक्षात आलं. इतके दिवस आलं नव्हतं. पडद्याआड कुणी म्हातारा रोगी खोकत होता. “आजोबा, हनुवटी इथे. असं. मधल्या पिवळ्या खुणेकडे बघत राहायचं,” नवऱ्याचा आवाज आला, त्याचा कामाचा, सपाट, प्रेमळ आवाज. “डोळा फिरवायचा नाही. कडेला दिवा दिसला की बटण दाबा.” जरा थांबून पुन्हा, कारण म्हाताऱ्याला ऐकू आलं नव्हतं: “दिवा हो, दिवा. छोटासा दिवा दिसला की दाबा.”

ती बाकावर तशीच बसून राहिली. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली लहान होत गेलेली. म्हणजे त्याने नाव आधीच बदललं होतं. एकट्याने, कुणाला न विचारता, त्या रोजच्या वाक्यात हात घालून तो शब्द काढला होता आणि त्याच्या जागी दुसरा बसवला होता. पहिल्या दिवशी कसं झालं असेल? वाक्य सुरू केलं असेल, निम्म्यात अडलं असेल, रोगी वाडग्यात तोंड घालून वाट पाहत असेल. मग दिवा आला असेल तोंडात. तिला वाटलं होतं, तो विसरला. तो पडदा सारून बाहेर आला, तिला बघून दचकला, “अगं, काय झालं? बरी आहेस ना?” “काही नाही. वाटेतच होते.” दोघं चालत निघाली. तिने त्याला काही विचारलं नाही. विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं आहे असं तिला वाटलं. सिग्नलपाशी तो म्हणाला, “दूध घ्यायचंय ना?” आणि त्यांनी दूध घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने नाव बदललं. त्याला एक अवजार असतं. जुनं नाव दाखवायचं, नवं द्यायचं, आणि ते सगळ्या फायलींत शिरून एकेक उल्लेख बदलून येतं. फार वेळ लागत नाही, तिला वाटलं होतं तेवढाही लागला नाही. पडद्यावरून फायली सरकत गेल्या, डावीकडे लाल ओळीत जुनं, उजवीकडे हिरव्या ओळीत नवं. आतलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बसची खूण तीच, पारख तीच, उत्तर तेच. तिने सगळं पुन्हा चालवून पाहिलं आणि सगळं चाललं. तिने ते सर्वांसाठी पाठवलं. जुना फोल्डर रिकामा राहिला. रिकामा फोल्डर सर्व्हर ठेवतच नाही, आत काही नसेल तर त्याच्या लेखी तो नाहीच. हे तिला ठाऊक होतं, नव्या मुलीला तिने स्वतः शिकवलं होतं. तरी संध्याकाळी ती त्या रिकाम्या फोल्डरवर बोट ठेवून थोडा वेळ बसली.

सकाळी खोलीत कल्ला होता. स्टॉपवरचे फलक कोरे झाले होते. “माझ्याकडे ‘ठिपका सापडत नाही’ म्हणतंय,” ताई ओरडली. “माझ्याकडेही,” लंबू म्हणाला. “ठिपका नावाचं काही अस्तित्वात नाही, म्हणतंय.” ती धावत आपल्या मशीनशी आली, चालवून पाहिलं, आणि तिच्याकडे सगळं सुरळीत चाललं. पुन्हा चालवलं. चाललं. सगळ्यांकडे नव्हता आणि तिच्याकडे होता. मास्तर येऊन तिच्या पाठीशी उभे राहिले, खडू धरल्यासारखी बोटं हनुवटीवर टेकवून. “साफ करून बिल्ड केलंस का?” त्यांनी विचारलं, आणि तिचे कान तापले, कारण असली चूक शिकाऊ माणसं करतात. मशीन एकदा तयार केलेल्या फायली जपून ठेवतं. मूळ फोल्डर गेला तरी त्याच्यापासून पूर्वी बनवलेलं सगळं आत कुठेतरी पडून असतं, आणि कुणी जुन्या नावाने हाक मारली तर तेच ओ देतं. फलकांच्या मांडणीच्या एका फायलीत ते नाव साध्या मजकुरात लिहिलेलं होतं. मजकूर अवजाराला दिसत नाही. म्हणून ते तिथे राहून गेलं. इतरांच्या मशीनवर हाकेला उत्तर आलं नाही. तिच्या मशीनवर, फक्त तिच्याच, ते येत राहिलं.

“होतं असं,” मास्तर म्हणाले. “पुसून टाक, मग तुलाही दिसेल.” तिने आज्ञा टाइप केली आणि एक क्षण बोट तसंच धरलं. मग दाबलं. पुन्हा चालवलं. आता तिच्याही पडद्यावर तीच ओळ आली: ठिपका सापडत नाही. ती ओळ तिने अखेरपर्यंत वाचली. मग मजकुरातलं ते नाव बदललं, पाठवलं, आणि थोड्या वेळाने ताई म्हणाली, “आले फलक. सगळे चालू.” लंबू म्हणाला, “ते लांबलचक नाव मला काही जमायचं नाही मास्तर, मी आपला ठिपकाच म्हणणार.” “तोंडी काय म्हणायचं त्याला नियम नाही,” मास्तर म्हणाले. पण दुपारी कॉफीपाशी तो नव्या मुलीला सांगत होता, “स्थानमध्ये बघ, तिथे असेल,” आणि आपण काय म्हणालो ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती उबही गेली. पोटावर हात न ठेवता तिला ते कळलं.

सुटल्यावर ती दवाखान्यात गेली. रोगी संपले होते, नवरा यंत्र पुसत होता. “माझे डोळे तपास,” ती म्हणाली. “का गं? दुखतात?” “दिवसभर स्क्रीन बघते. तपास ना.” “आत्ता? बंद करत होतो.” पण त्याने खुर्ची ओढून दिली, उंची जुळवली, तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी बांधताना तिचे केस गाठीत अडकू नयेत म्हणून बोटांनी सोडवले. हनुवटी टेकवल्यावर समोर नुसतं पांढरं झालं. खोलीतले दिवे विझले. वाडग्यात मधोमध पिवळी खूण, आणि पाठीमागे त्याचा कामाचा आवाज. “मधल्या खुणेकडे बघत राहायचं. डोळा फिरवायचा नाही. कडेला दिवा दिसला की...”

“काय दिसला की?” तिने विचारलं.

यंत्राची बारीक घरघर ऐकू येत होती. तिला मान वळवता येत नव्हती, आणि म्हणूनच तिला हे विचारता आलं होतं.

“ठिपका,” तो म्हणाला. मग पूर्ण वाक्य म्हणाला, “ठिपका दिसला की बटण दाबायचं.”

मग खटका वाजला, डावीकडे वर उजेडाचं टिंब चमकून गेलं, तिने दाबलं. खटका, खाली, अंधूक, दाबलं. खटका, अगदी नाकाजवळ, दाबलं. ती श्वास धरून बघत होती. मग खटका वाजला आणि वाडगा नुसता पांढुरका राहिला, या कडेपासून त्या कडेपर्यंत कुठेच काही नाही. तिने बटण दाबलं.

त्याच्या बाजूच्या छोट्या पडद्यावर चूक उमटली असणार. “आत्ता काही नव्हतं,” तो हळूच म्हणाला.

“होता,” ती म्हणाली.

यंत्राने पुढचा खटका वाजवला आणि तिने तो जाऊ दिला. त्यापुढचाही. तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी हनुवटीच्या टेकूवर आलं होतं आणि पिवळी खूण फुटून पसरली होती. मागून त्याचा हात आला आणि तिच्या डोक्यावर राहिला, रोग्याचं डोकं यंत्रात नीट धरून ठेवावं तसा.

“हो,” तो म्हणाला. “होता. हनुवटी हलवू नकोस.”